शंभर पिंडींची न्हाणी

लढाई संपवून मी घरी आलो तेव्हा माझी बायको माहेरी होती, आणि त्यानंतर आणखी जवळजवळ चार महिने ती तिथंच अडकून पडली. कारण एक न्हाणी. तीही आमच्या गावची नव्हे. फ्रान्स मुलखातली, दीड हजार वर्षांपूर्वीची, छप्पर उडालेली. तिथं कित्येक पिढ्यांत कोणी तांब्याभर पाणी अंगावर घेतलं नव्हतं.

भरती होण्याआधी मी वळवणच्या धरणावर गवंड्याच्या हाताखाली दोन वर्षं काढली होती. विटेवर वीट बसवायला तिथं शिकलो. मग जर्मनांशी पहिली मोठी लढाई पेटली आणि मी खेचरांच्या पलटणीत गेलो. माझ्याबरोबर शेजारच्या भाजे गावचा मारुती होता. आमचा डेपो मार्सेल बंदरावर. खेचरांना चारा यायचा तो आर्ल नावाच्या जुन्या शहराकडून, आणि गवताच्या गाठी रेल्वेच्या वाघिणीत भरायला आम्हा दोघांना धाडत.

एकदा वाघीण संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. आम्ही नदीकाठानं हिंडत निघालो. गल्लीत एक अर्धगोल उंच भिंत दिसली. दगडाचा थर, मग तांबड्या विटांचा थर, पुन्हा दगडाचा. बांधकाम इतकं नेटकं की मी तिथंच थांबलो. फाटकाशी काळ्या कपड्यातली एक म्हातारी मोजा विणत बसली होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आमचे फेटे बघून ती उठली, कुलूप काढलं आणि आत या म्हणून हातानं खुणावलं.

आत जमिनीत खोल चौक होता, त्याच्या भिंतीत मातीच्या पोकळ नळ्या, आणि चौकात गुडघ्याएवढे विटांचे खांब. रांगाच्या रांगा. काहींवर जाड फरशी टिकून होती, बाकीचे उघडे पडलेले, पावसापाण्यानं झिजून डोक्यावर गोल झालेले.

आता मारुतीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. भाज्याच्या लेण्यात एका कडेला गोल दगडी स्तूप दाटीनं उभे आहेत; मारुतीच्या घरी त्यांना शंकराच्या पिंडीच म्हणत. मारुतीचं घर त्याच डोंगराच्या पायथ्याला. दगडविटांचं काही गोल आणि रांगेनं उभं दिसलं की डोकं टेकवायचं, हे त्याच्या आईनं त्याला रांगायच्या वयापासून शिकवलेलं. त्यानं ते खांब बघितले, बूट काढले आणि आडवा झाला.

म्हातारीला वाटलं, याला कळलं नाही. ती समजावून सांगू लागली. तिची बोली आम्हाला येत नव्हती, म्हणून सगळं हातवाऱ्यांनी. आधी ती चौकाच्या भिंतीबाहेर उकिडवी बसली आणि गाल फुगवून जोरात फुंकर मारली. मग फरशीखालून हात सरकवत नेला. मग फरशीवर थापट्या मारल्या, हाशहुश केलं, अंगावरची शाल भिरकावली, कपाळाचा घाम निपटला. एक किल्ली घेऊन खांद्यापासून मनगटापर्यंत अंग खरडलं. शेवटी शेजारच्या कोरड्या हौदाकडे बोट करून उडी मारल्यासारखं केलं आणि नखशिखांत थरथरली.

मला लख्ख कळलं. बाहेर भट्टी, जाळ फरशीखालून फिरतो, वर माणसं घाम गाळतात, अंग खरडतात, मग गार पाण्यात उडी. मी खाली वाकून एका विटेच्या खालच्या अंगाला बोट लावलं. बोट काळं झालं. काजळी, अजून जागच्या जागी.

मारुती माझ्या कानाशी आला.

"हौशा, बाईच्या अंगात आलं."

"अरं येड्या, न्हाणी हाय ही! ती न्हायचं दावती."

"न्हाणीला कुणी शंभर खांब बांधतं व्हय? आमच्या न्हाणीला एक धोंडा पुरतो."

मी काही बोलायच्या आत त्यानं म्हातारीपुढं हात जोडले. "आई, घरी समदी बरी हायेत का?"

"वी, वी," म्हातारी म्हणाली.

"बघ, व्हय म्हनली," मारुती म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याच महिन्यात त्याला घरून पत्र आलं. सगळी बरी होती. मग तर बोलायची सोयच उरली नाही.

निघताना त्यानं सिगारेटच्या रिकाम्या पत्र्याच्या डबीत ती काजळी भरून घेतली. अंगारा म्हणून.

पुढं खेचरानं लाथ मारून त्याचा हात मोडला, म्हणून तो माझ्याआधी सहा महिने घरी पोचला. डबी घेऊन. सातासमुद्रापार शंकराच्या शंभर पिंडी आहेत, तिथं एक देवऋषीण आहे, ती न विचारता सांगते, ही बातमी भाज्यातून निघाली आणि सगळ्या मावळात पसरली. मारुती चिमटी चिमटीनं अंगारा वाटू लागला. कोणाचा ताप उतरला. कोणाची म्हैस विनातक्रार धार देऊ लागली.

परंदवडीचे कोंडाजी म्हणजे माझे सासरे. दोन वर्षांपासून त्यांचे गुडघे धरले होते. उठता बसता दोन माणसं लागायची. त्यांनी अंगारा लावला, तर त्यांच्या म्हणण्याप्रमाणं दोनचं एक माणूस झालं. ते मारुतीचे भक्त बनले.

हे काहीएक मला माहीत नव्हतं. मी लढाईहून आलो, ऐन दिवाळीत, आणि बायकोला आणायला थेट परंदवडीला गेलो. बायकोनं, बयाबाईनं, दारातून बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. चार वर्षांनी दिसत होतो. मला वाटलं, उद्या सकाळी गाडी जुंपायची की निघालो.

संध्याकाळी कोंडाजींनी पडवीत सगळं गाव जमवलं.

"आता दुसऱ्या साक्षीदाराच्या तोंडून ऐका," ते म्हणाले. "आमचं जावई तितं मारुतीबरूबर व्हतं. बोला जावई. शंभर पिंडींचं देऊळ कसं हाय?"

मला हसू आवरेना. मी म्हणालो, "मामा, देऊळ कसलं? न्हाणी हाय ती. जुन्या लोकांची. खालनं जाळ घालायचं आन वर अंग धुयाचं. मारत्यानं आणलाय तो अंगारा न्हवं, भट्टीची काजळी हाय."

कोंडाजींच्या कपाळावर ताज्या अंगाऱ्याचं बोट होतं. ते मला आत्ता दिसलं.

"म्हंजे," कोंडाजी सावकाश म्हणाले, "मी सहा महिनं न्हाणीची काजळी कपाळाला लावतोय?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. तिथंच माझा घात झाला.

सकाळी त्यांनी निवाडा सांगितला. जावयाला ते रागातही अहोजाहो करत. "जावई, देवळाला न्हाणी म्हणणाऱ्याच्या घरी माझी पोरगी नांदणार न्हाई. बेल उचला आन म्हणा, देऊळ व्हतं. लगीच गाडी जुंपतो."

मी खरं सांगतो, मी कबूल व्हायला निघालोच होतो. दूरच्या गावची एक पडकी न्हाणी, तिला देऊळ म्हणायला माझं काय जात होतं? पण बेल हातात घेऊन खोटं बोलायचं, तेही शंकराच्या नावानं, हे माझ्यानं होईना. बेलाचं पान समोर ठेवलेलं आणि माझा हात उठत नव्हता.

तेवढ्यात दाराआडून बयाबाईचा आवाज आला. हळू, पण मला ऐकू येईल असा. "बेल उचलू नगा. बांधून दावा."

कोंडाजींनीही ऐकलं. ते चेव येऊन म्हणाले, "व्हय, दावाच बांधून! खालनं जाळ, वर उघडा माणूस. घाम आला पायजे, पाय भाजता कामा न्हाई, धूर डोळ्यात जाता कामा न्हाई. महाशिवरात्रीपत्तूर मुदत. जमलं तर पोरगी तुमची. न्हाई जमलं तर बेल उचलायचा."

मी गाडीशिवाय, बायकोशिवाय, पायी घरी आलो.

आमचं घर मळवली स्टेशनापासून दीड कोसावर. घरामागं गोठ्याला लागून मोकळी जागा होती. लोणावळ्याला एका वीटभट्टीवर महिनाभर राबलो आणि मजुरीच्या बदल्यात तुटक्या विटा आणल्या. एका बंगल्याच्या कामातून उरलेल्या शहाबादी फरशाही मिळाल्या. गुडघाभर खांब उभे केले, त्यांवर फरशा टाकल्या, आडोसा केला.

आईचं, सरुबाईचं, तोंड सुरूच होतं. "हौशा, चूल खाली आन माणूस वर! तुला अंघूळ करायची हाय का भाकर व्हायचं हाय?"

पहिला जाळ घातला त्या दिवशी मी गावातल्या चार माणसांना बोलावलं. जाळ पेटला. आणि फरशीतून पिवळा, जाड, डोळे फोडणारा धूर उठला. चौघं शिंकत शिंकत पळाले. मला कळेना, फरशीला धूर कसा? मग आई म्हणाली, "नव्या जमिनीला सारवल्याबिगर कुणी पाय ठिवतं व्हय? पहाटंच दोन हात शेण फिरवलंय." शेण भाजत होतं. खाली जाळाच्या तोंडाशी असलेली फरशीही तडकली होती.

पुन्हा सगळ्या फरशा उचलल्या. खांब उघडे पडले. मी डोकं धरून कडेला बसलो आणि आर्लची ती म्हातारी आठवू लागलो. ती फुंकर मारायला बसली होती कुठं? भिंतीच्या बाहेर. म्हणजे भट्टी बाहेर हवी, जाळ आत नको, नुसती ऊब आत. आणि भिंतीत मातीच्या पोकळ नळ्या होत्या, वरपर्यंत गेलेल्या. धूर तिकडून जात असणार. तसल्या नळ्या आमच्याकडं कुठून आणायच्या? मग वर बघितलं. आमच्याच छपरावर नळीची कौलं होती. दोन कौलं तोंडाला तोंड लावून मातीनं लिंपली की झाली नळी.

मी छपरावर चढून कौलं काढत होतो तेव्हा मारुती आला. मी वरून बघितलं. तो वादावादी करायलाच आला असावा, चालण्यातच जोर होता. घरामागं वळला, आणि त्याला ते उघडे खांब दिसले. तो थबकला. वहाणा काढल्या.

"हेच," तो म्हणाला. "हौशा, आगदी हेच!"

"मग? मी काय म्हनत व्हतो?"

पण तो ऐकत नव्हता. तो पहिल्या रांगेपुढं आडवा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक खांबावर एक झेंडूचं फूल होतं. तिसऱ्या दिवशी वाकसई, कार्ले, पाटण इथून माणसं आली. मोडक्या हाताच्या मारुतीनं साक्ष दिली होती की सातासमुद्रापार जे आहे ते हुबेहूब हेच. चौथ्या दिवशी मी बघतो तर माझी स्वतःची आई, जी मला भाकर व्हायचं आहे का विचारत होती, ती खांबांपुढं दिवा लावत होती.

"आये, तू बी?"

"तू बांधलंस म्हनून काय झालं? देव कुटं बी येतो."

फरशा टाकायला निघालो तर बायका आडव्या पडल्या. देवाच्या डोक्यावर फरशी? शेवटी मी वचन दिलं की भट्टीचं तोंड मोठं ठेवीन, तिथून वाकून दर्शन घेता येईल. जाळाबद्दल विचारलं तेव्हा म्हणालो, होम समजा. त्यांचं समाधान झालं. माझं व्हायचं काही कारण नव्हतं. न्हाणी सिद्ध करायला निघालेला माणूस मी, आणि दर दिवशी देऊळच वर येत होतं.

महाशिवरात्र उजाडली. मी पहाटेपासून भट्टी पेटवली होती. आईनं उपासाची रताळी निखाऱ्यात सरकवली. अंगणात जत्रा. बेल, दूध, घंटा घेऊन आलेली माणसं, आणि त्यांच्या पुढं मारुती, कपाळभर अंगारा.

ऊन वर आल्यावर परंदवडीची बैलगाडी आली. दोघांनी धरून कोंडाजींना उतरवलं. मागं बयाबाई बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मग कौलांच्या नळीकडं. नळीतून धूर सरळ वर जात होता. ती गालात हसली. मला जरा धीर आला.

"कोन बसनार वर?" मी विचारलं.

"मीच बसतो," कोंडाजी म्हणाले. "दुसऱ्याच्या घामावर माझा इस्वास न्हाई."

त्यांनी पागोटं काढलं, बंडी काढली, धोतर वर खोचलं. आधी एक पाय टेकवला. थांबले. दुसरा टेकवला. मग भिंतीला धरून हळूहळू बसले. आडोशाच्या दाराशी आम्ही सगळे दाटीनं उभे.

"भाजतंय का इवाय?" आईनं विचारलं.

"गप बसा ईहीणबाई."

थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावर घाम आला. मग पाठीवर. मग त्यांनी आईकडं तिळाच्या तेलाची वाटी मागितली, गुडघ्यांना चोळलं, पाय लांब केले. डोळे मिटले. आम्ही निवाड्याची वाट बघत राहिलो. कोंडाजी आडवे झाले. आणि घोरू लागले.

सासऱ्याला झोपेतून उठवणार कोण? दूध घेऊन आलेल्या बायका ताटकळल्या. रताळी झाली, खाऊन झाली. गाडीचे बैल रवंथ करून बसले. माझा सगळा संसार त्या फरशीवर उताणा पडून घोरत होता, आणि मी बाहेर एकेक गोवरी सारत होतो, जाळ वाढू नये आणि विझूही नये म्हणून.

उन्हं कलल्यावर कोंडाजी जागे झाले. उठून बसले. मग, कोणाचाही हात न धरता, उभे राहिले. दोन पावलं टाकली. आणखी दोन. दारातून आपल्या पायांनी बाहेर आले. सगळं अंगण बघत होतं.

"मामा," मी म्हणालो, "घाम आला?"

"आला."

"पाय भाजलं? धूर लागला?"

"न्हाई."

"मग?"

कोंडाजींनी गुडघा वाकवला, सरळ केला. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "जावई, दोन वर्सांचं दुखणं एका झोपंत गेलं. एवढा गुण न्हाणीला येत न्हाई." त्यांनी भट्टीच्या तोंडाकडं वळून हात जोडले. "हे देऊळच हाय."

मारुतीनं घंटा वाजवली. बायकांनी हरहर महादेव केलं. मी मात्र खालीच बसलो. न्हाणी फसली असती तरी देऊळ, आणि जमली तर दुप्पट देऊळ. आता बेल उचलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एकानं तर पान पुढं केलंच.

तेव्हा बयाबाई गाडीतून उतरली.

"आबा," ती म्हणाली, "येक इचारू?"

"इचार."

"आज शिवरात. उपास हाय तुमचा. हे देऊळ असंल, तर तुमी देवळात बंडी काढून बसला."

कोंडाजी बंडी शोधू लागले.

"देवाच्या डोक्यावर ढुंगान टेकून."

घंटा थांबली.

"तेल चोळलं. पाय पसरून झोपला. घोरला. पार कार्ल्यापत्तूर ऐकू गेलं असंल." तिनं पदर सावरला. "न्हाणी असंल तर यात काय बी वावगं न्हाई. न्हाणीत मानूस असंच करतं. तुमी सांगाल तसं. पर मला परंदवडीला गेल्यावर बायका इचारतील, म्हनून आपलं इचारून ठिवते. काय सांगू?"

कोंडाजींनी अंगणाकडं बघितलं. अंगणात शंभरेक माणसं होती, आणि त्यातली निम्मी आपलं हसू दाबायला बेलाची पानं तोंडाशी धरून उभी होती. त्यांनी बंडी अंगात घातली. एका बाहीत दोन्ही हात शिरले.

"न्हाणी," ते म्हणाले. "न्हाणीच हाय. मी पयल्यापास्नं वळखलं व्हतं. जावई, गाठुडं उतरवा."

मी गाडीकडं धावलो. गाठोडं एकच असेल असं मला वाटलं होतं. होती चार. गोधडी, पितळी हंडा, जात्याचा खुंटा आणि लोणच्याची बरणी. एका दिवसासाठी कोणी लोणच्याची बरणी घेऊन येत नाही. म्हणजे ती परंदवडीहूनच परत न जाण्यासाठी निघाली होती.

गर्दी पांगली. मारुती मात्र एकटाच भट्टीच्या तोंडाशी बसून राहिला. मी त्याच्याजवळ गेलो. जिंकलो होतो, पण त्याच्या तोंडाकडं बघून जिंकल्यासारखं वाटेना.

"मग ती बाई?" तो म्हणाला. "घरी समदी बरी हायेत, असं म्हनली ती? आन व्हती की रं बरी."

मी त्याला उरलेलं एक रताळं दिलं. त्यानं ते कपाळाला लावून खाल्लं.

न्हाणी पुढं बरीच वर्षं टिकली. पावसाळ्यात गावाची घोंगडी, भिजलेलं भात, सगळं तिथं वाळायचं. बयाबाईच्या तिन्ही बाळंतपणांत खाटेखाली शेगडी ठेवावी लागली नाही. कोंडाजी दर महिन्याला लेकीला भेटायला म्हणून यायचे, खांद्यावर पंचा टाकून, आणि लेकीला "बरी हायस ना" एवढं विचारून थेट फरशीवर जायचे.

मारुतीच्या डबीतली काजळी तिसऱ्या वर्षी संपली. शिवरात्रीला तो रिकामी डबी आणि एक नारळ घेऊन आला आणि भट्टीपाशी उभा राहिला. बयाबाईनं नारळ घेतला, भट्टीत हात घालून विटेच्या खालच्या अंगाची काजळी खरवडली आणि डबी भरून दिली. तेव्हापासून दर वर्षी.

एकदा कोंडाजी फरशीवर घाम गाळत बसलेले, मारुती डबी भरून निघाला, तर त्यांनी त्याला हाक मारून आत बोलावलं आणि कपाळ पुढं केलं. मारुतीनं बोट ओढलं. घामानं ती काजळी लगेच नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळली.

मी दारातून म्हणालो, "मामा, तो अंगारा आपल्याच भट्टीतला—"

कोंडाजींनी डोळे न उघडता हात हलवला.

"जावई, तुमी जाळ बघा."